तीन नंबरची जर्सी

२००१ च्या जुलै महिन्यातला तो सोमवार टेनिसवेड्यांच्या अजून लक्षात असेल. पावसाने विम्बल्डनचे वेळापत्रक कोलमडवले होते आणि रविवारची अंतिम लढत सोमवारी खेळवावी लागली होती. जागतिक क्रमवारीत १२५ वा असलेला, केवळ संयोजकांच्या मेहेरबानीने 'वाइल्ड कार्ड'वर आत आलेला आणि यापूर्वी तीनदा अंतिम फेरीत हरलेला गोरान इव्हानिसेविच पॅट्रिक राफ्टरला पाच सेटमध्ये हरवून विजेता ठरला. दूरदर्शन संचासमोर बसलेल्या आपल्याकडच्या कित्येकांचे डोळेही त्या दिवशी पाणावले होते.

पण खरी गंमत दुसऱ्या दिवशी झाली. गोरान आपल्या गावी, क्रोएशियातल्या स्प्लिट या बंदराच्या शहरात परतला. सारा गाव समुद्रकिनारी लोटला होता. आणि विम्बल्डनच्या या ताज्या विजेत्याच्या अंगात टेनिसचा शर्ट नव्हताच! त्याने घातली होती अमेरिकेतल्या 'न्यू जर्सी नेट्स' या बास्केटबॉल संघाची बिनबाह्यांची जर्सी. तिच्यावर आकडा होता तीन, आणि पाठीवर नाव होते पेत्रोविच.

परदेशी प्रेक्षकांना कदाचित हा प्रकार कळला नसेल. किनाऱ्यावरच्या त्या गर्दीला मात्र समजावून सांगण्याची गरज नव्हती. तो जर्सीचा मालक आठ वर्षांपूर्वीच गेला होता. गोरानने आपला विजय त्याला अर्पण केला होता.

द्राझेन पेत्रोविच. वय वर्षे अठ्ठावीस. ७ जून १९९३ रोजी जर्मनीतल्या एका हमरस्त्यावर, पावसात, मोटार अपघातात तो गेला. त्याला आता तीन दशके उलटली. ज्यांनी त्याला खेळताना पाहिले ती पिढी पन्नाशी-साठीत पोहोचली. ज्यांनी पाहिले नाही ती पोरेही त्याचे नाव घेतात. खेळाडू जातो, विक्रम मोडतात, नवे तारे उगवतात. मग काही माणसे लोकांच्या मनातून जात का नाहीत? आणि लोक आठवतात ते नेमके कोणाला? प्रत्यक्षात होता त्याला, की आपल्याला हवा होता त्याला? पेत्रोविचच्या निमित्ताने हे प्रश्न विचारावेसे वाटतात. कारण त्याला आठवणारी माणसे एका देशातली नाहीत. आणि ज्या देशासाठी तो प्रथम खेळला तो देश तर आता नकाशावरही नाही.

शाळेच्या आधीची सकाळ

एड्रियाटिक समुद्राच्या काठी शिबेनिक नावाचे जुने दगडी गाव आहे. तेथे २२ ऑक्टोबर १९६४ रोजी द्राझेनचा जन्म झाला. वडील पोलीस खात्यात, आई बिसेर्का ग्रंथालयात. वडील सर्ब वंशाचे, आई क्रोएट. त्या काळच्या युगोस्लाव्हियात अशी लग्ने सर्रास होत आणि त्याचे कोणाला काही वाटत नसे. हे वाटणे पुढे किती महाग पडणार होते, याची तेव्हा कोणाला कल्पना असणार?

थोरला भाऊ अलेक्सांदर बास्केटबॉल खेळे. धाकट्याने तोच नाद घेतला, पण धाकट्याचा नाद वेगळाच होता. शिबेनिकमध्ये आजही सांगतात की हे पोर पहाटे सहाला हॉलमध्ये हजर असे. शाळेची घंटा होण्याआधी शेकडो वेळा चेंडू रिंगणात टाकायचा, मग दप्तर उचलायचे, आणि संध्याकाळी पुन्हा तेच. उंची सहा फूट पाच इंच. सामान्य माणसाला भरपूर, पण या खेळात काही विशेष नव्हे. उडीही अचाट नव्हती. जे काही होते ते सरावाने कमावलेले. 'बास्केटबॉलचा मोझार्ट' असे पुढे युरोपने त्याचे नाव ठेवले खरे, पण मोझार्ट म्हटले की आपल्याला उपजत प्रतिभा आठवते आणि रियाझ विसरला जातो. गाण्यातल्या जाणकारांना हे वेगळे सांगायला नको.

पंधराव्या वर्षी तो गावच्या 'शिबेन्का' संघात आला. १९८३ च्या एप्रिलमध्ये या लहानशा गावाचा संघ साऱ्या युगोस्लाव्हियाच्या अजिंक्यपदाच्या निर्णायक सामन्यात सारायेव्होच्या 'बोस्ना'समोर उभा होता. शिबेन्का एका गुणाने मागे, वेळ संपलेली, आणि पंचांनी द्राझेनला दोन 'फ्री थ्रो' दिलेले. अठरा वर्षांच्या मुलाने दोन्ही टाकले. ८३-८२! गाव रात्रभर नाचले. दुसऱ्या दिवशी महासंघाने पंचांच्या त्या निर्णयात गैर असल्याचे सांगून विजेतेपद काढून घेतले आणि सामना पुन्हा खेळा म्हणून फर्मावले. शिबेन्काने नकार दिला. अजिंक्यपद बोस्नाला गेले. शिबेनिकच्या लोकांसाठी मात्र तो निकाल कधीच बदलला नाही. कागदावरचा निकाल वेगळा आणि गावाच्या मनातला वेगळा, याची चाहत्यांना सवय असते. पेत्रोविचच्या चाहत्यांना ती सुरुवातीलाच लागली.

आवडता आणि नावडता

१९८४ साली तो झाग्रेबच्या 'चिबोना' संघात गेला. या संघाने १९८५ आणि १९८६ अशी लागोपाठ दोन वर्षे युरोपचा चॅम्पियन्स चषक जिंकला. पहिल्या वेळी रेआल माद्रिदला हरवून, दुसऱ्या वेळी सबोनिसच्या झाल्गिरिसला. झाग्रेबमधल्या त्या पिढीला विचारा, आपल्याकडच्या माणसाला १९८३ चा लॉर्ड्सवरचा दिवस जसा आठवतो तशी त्यांना ती दोन वर्षे आठवतात. कोण कोठे बसून सामना पाहत होते, शेजारच्या कोणाकडे टीव्ही होता, येथपासून सारे.

पण एक गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे. मृत्यूनंतर माणसाला देव्हाऱ्यात बसवण्याची आपली रीत आहे. द्राझेन मात्र देव्हाऱ्यातला नव्हता. कोर्टवर तो उर्मट होता. गुण मिळवला की हात उंचावून प्रतिस्पर्ध्यांकडे बघून हसायचा, त्यांना डिवचायचा, परगावच्या प्रेक्षकांना चेतवायचा. ऑक्टोबर १९८५ मध्ये एका सामन्यात त्याने एकट्याने ११२ गुण केले. आकडा डोळे फिरवणारा आहे. पण समोर ल्युब्ल्यानाच्या संघाची कुमार पोरे होती, हेही तितकेच खरे. बेलग्रेडमध्ये त्याच्यावर शिट्ट्यांचा वर्षाव होई. माद्रिदच्या प्रेक्षकांना तर तो डोळ्यांसमोर नको असे. आणि १९८८ साली त्याच रेआल माद्रिदने त्याला आपल्याकडे घेतले! मार्च १९८९ मध्ये अथेन्सला कप विजेत्यांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याने इटलीच्या कासेर्ता संघाविरुद्ध ६२ गुण केले. समोर ब्राझीलचा ऑस्कर श्मिट होता, त्याचे ४४. सामना जादा वेळेत गेला आणि माद्रिदने ११७-११३ असा जिंकला. काल शिव्या घालणाऱ्यांनीच आज खांद्यावर घेतले. चाहत्यांची जात सगळीकडे सारखीच.

बाकावरचे दिवस

१९८९ च्या उन्हाळ्यात झाग्रेबमध्येच युगोस्लाव्हिया युरोपचा विजेता झाला आणि द्राझेन अमेरिकेला निघाला. युरोपातला राजा तेथे पोर्टलँड संघाच्या बाकावर जाऊन बसला. त्याच्या जागेवर क्लाइड ड्रेक्सलर आणि टेरी पोर्टर होते. पहिल्या मोसमात त्याच्या वाट्याला सामन्यागणिक सरासरी बाराच मिनिटे आली. युरोपातली पोरे कचखाऊ असतात, त्यांना बचाव जमत नाही, असे तेव्हा अमेरिकेत छातीठोकपणे बोलले जाई. बाकावर बसून हे ऐकणे त्या अभिमानी माणसाला किती जड गेले असेल!

त्या दिवसांत त्याला एक मोठा आधार होता. त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या 'लेकर्स'मध्ये आलेला व्लादे दिवाच. सर्बियातला, द्राझेनपेक्षा सव्वातीन वर्षांनी लहान, दाढीवाला, हसतमुख. राष्ट्रीय संघात दोघे एकत्र खेळलेले. दोघांनाही भाषेची अडचण, दोघांनाही घरची आठवण. रोज रात्री फोन. दिवाचने पुढे सांगितले आहे की त्या वर्षी ते दोघे एकमेकांना सख्ख्या भावांसारखे होते.

मग १९९० चा ऑगस्ट उजाडला. अर्जेंटिनात युगोस्लाव्हियाने जागतिक अजिंक्यपद जिंकले. जल्लोषात एक प्रेक्षक क्रोएशियाचा झेंडा घेऊन मैदानात धावत आला. दिवाचने त्याच्या हातातून तो झेंडा हिसकावला. हा विजय साऱ्या युगोस्लाव्हियाचा आहे, येथे कोणा एकाचा झेंडा नको, एवढेच आपल्या मनात होते, असे दिवाच नेहमी सांगत आला. पण देश फुटायच्या बेतात असताना मनातले कोण ऐकतो? क्रोएशियात तो खलनायक झाला, सर्बियात नायक. आणि त्याला स्वतःला यातले काहीच व्हायचे नव्हते. द्राझेनने त्याच्याशी बोलणे हळूहळू बंद केले. वर्षभरात युद्ध पेटले. सप्टेंबर १९९१ मध्ये तोफगोळे शिबेनिकवर पडले. गावच्या जुन्या कॅथेड्रलच्या घुमटालाही त्यांनी सोडले नाही. ज्याच्या लहानपणाचे गाव असे जळत होते त्याला, 'बाबा रे, खेळात राजकारण आणू नकोस,' असे दुरून सांगणे सोपे आहे. रुसलेल्या मित्राची बाजू घेणेही तितकेच सोपे आहे. दोघांचेही थोडे चुकले आणि दोघांचेही फारसे चुकले नाही, अशी ती गोष्ट होती. आपल्या भाऊबंदकीत अशा गोष्टी आपण कमी का पाहिल्या आहेत?

दरम्यान जानेवारी १९९१ मध्ये पोर्टलँडने त्याला न्यू जर्सी नेट्सकडे पाठवले होते. नेट्स म्हणजे तेव्हा तळातला संघ. तेथे त्याला मैदान मिळाले. पहिल्या पूर्ण मोसमात सरासरी २०.६ गुण, पुढच्यात २२.३. तीन गुणांच्या फेकीत तर अमेरिकेतले भलेभले त्याच्या मागे पडले. युरोपातल्या माणसाला येथे जमत नाही, हे वाक्य त्याने कायमचे पुसून टाकले. आज अमेरिकेच्या त्या स्पर्धेत सर्वोत्तम खेळाडूचा मान युरोपातले खेळाडू पुनःपुन्हा घेतात तेव्हा कोणाला नवल वाटत नाही. पण वाट रुळलेली नसताना पुढे चालणारा कोणीतरी असावाच लागतो.

बार्सिलोना

आपल्याकडे १९९२ चे बार्सिलोना ऑलिंपिक म्हटले की जॉर्डन-मॅजिक-बर्ड यांची 'ड्रीम टीम' आठवते. त्या संघासमोर अंतिम सामन्यात कोण होते, हे मात्र फारसे कोणी सांगू शकत नाही. समोर होता क्रोएशिया, नुकताच जगाने मान्य केलेला, घरी युद्ध चालू असलेला देश. उपांत्य सामन्यात द्राझेनने शेवटच्या क्षणी दोन फ्री थ्रो टाकून ७५-७४ असा विजय मिळवून दिला होता. पुन्हा दोनच फेकी, पुन्हा एका गुणाचा फरक! या वेळी निकाल कोणी काढून घेतला नाही. अंतिम सामना अमेरिकेने ११७-८५ असा सहज जिंकला. त्यात द्राझेनचे गुण २४ होते. पहिल्या सत्रात एकदा तर क्रोएशिया २५-२३ असा पुढे होता. तो फलक झाग्रेबमध्ये तेव्हा टीव्हीसमोर बसलेल्यांना आजही तोंडपाठ आहे.

ड्रीम टीमचा प्रशिक्षक चक डेली त्याच वर्षी नेट्सचा प्रशिक्षक झाला. म्हणजे ज्याच्याविरुद्ध अंतिम सामना हरला त्याच्याच हाताखाली द्राझेन आपला सर्वांत चांगला, आणि शेवटचा, मोसम खेळला.

७ जून

१९९३ च्या जूनमध्ये क्रोएशियाचा संघ पोलंडमध्ये पात्रता सामने खेळून परतत होता. फ्रँकफर्टला विमान बदलायचे होते. सगळे झाग्रेबच्या विमानात बसले. द्राझेन मात्र बसला नाही. मैत्रीण मोटार घेऊन आली होती, तिच्याबरोबर तो रस्त्याने निघाला. बव्हेरियात डेन्केनडोर्फजवळ पाऊस होता. समोरून येणारा एक ट्रक घसरून दुभाजक तोडून रस्त्यावर आडवा झाला. मोटार त्यावर आदळली. द्राझेन शेजारच्या आसनावर झोपला होता आणि त्याने पट्टा बांधलेला नव्हता. मोटारीतल्या इतर दोघी वाचल्या.

सहकारी घरी पोहोचले तोवर बातमी तेथे पोहोचली होती. चिबोनाच्या हॉलसमोर माणसे मेणबत्त्या घेऊन जमू लागली. ती कोणी बोलावली नव्हती. युद्धाचे दिवस होते; मृत्यूच्या बातम्या रोजच्या होत्या, घराघरांत कोणी ना कोणी गेलेले होते. तरीही एका खेळाडूसाठी शहर रस्त्यावर आले. बाहेरच्याला हे विचित्र वाटेल. पण विचार केला तर त्यात नवल नाही. स्वतःच्या घरातल्या माणसासाठी रडायला त्या दिवसांत सवड आणि धीर दोन्ही नव्हते. द्राझेनच्या निमित्ताने एका देशाने राहिलेले सगळे रडून घेतले असेल. झाग्रेबच्या मिरोगोय स्मशानभूमीत त्याला पुरले तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा लोटलेल्या गर्दीत एकदाही त्याचा सामना न पाहिलेल्या आजीबाई होत्या, आणि बापाच्या खांद्यावर बसलेली पोरेही होती.

तिकडे अमेरिकेत नेट्सने त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला त्याची तीन नंबरची जर्सी कायमची निवृत्त केली. संघ पुढे न्यू जर्सी सोडून ब्रुकलिनला गेला, पण तो आकडा आजही त्याच्या हॉलच्या छताला टांगलेला आहे. १९९५ मध्ये लोझान येथील ऑलिंपिक संग्रहालयासमोर त्याचे स्मारक उभे राहिले. २००२ मध्ये अमेरिकेच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये त्याचे नाव आले. झाग्रेबमधला चिबोनाचा हॉल आता त्याच्या नावाने ओळखला जातो.

आठवणीचे दोन प्रकार

अलीकडे अशा शोकाचे स्वरूप बदलले आहे. २६ जानेवारी २०२० रोजी कोबी ब्रायंट, त्याची तेरा वर्षांची मुलगी आणि इतर सात जण हेलिकॉप्टर अपघातात गेले, तेव्हा काही मिनिटांत ती बातमी जगभर पसरली. त्याच दिवशीच्या सामन्यात दोन्ही संघांनी सुरुवातीला चेंडू हातात धरून चोवीस सेकंद नुसते उभे राहून त्याला मानवंदना दिली. कारण चोवीस हा त्याच्या जर्सीचा आकडा. लॉस एंजेलिसच्या हॉलसमोर फुलांचे आणि चेंडूंचे ढीग लागले, शहराच्या भिंती त्याच्या चित्रांनी भरून गेल्या. मनिलापासून मुंबईपर्यंतची तरुण मुले रडली. ते दुःख खोटे होते असे कोण म्हणेल? पण त्या दुःखात सारे एका बाजूला होते. द्राझेनला आठवणाऱ्यांमध्ये तर असे लोक होते जे एकमेकांवर बंदुका रोखून उभे होते. बेलग्रेडमध्येही त्याच्यासाठी हळहळणारे होते. फक्त ते मोठ्याने बोलण्याचे दिवस नव्हते. १९९५ साली अथेन्सला युरोपीय स्पर्धेच्या बक्षीस समारंभात कांस्यपदक घेतलेले क्रोएट खेळाडू युगोस्लाव्हियाचे राष्ट्रगीत वाजण्याआधीच मंचावरून उतरून निघून गेले. मंचावर मागे राहिलेल्यांत दिवाच होता. एके काळचे संघसोबती एकमेकांकडे न पाहता पांगले.

मुलगा गेल्यावर बिसेर्काबाईंनी मात्र एक काम हाती घेतले. त्याच्या वस्तू जपायच्या. बूट, जर्सी, पदके, पत्रे. ग्रंथालयात आयुष्य काढलेली ती बाई. जपणे हा तिचा पेशाच होता. ७ जून २००६ रोजी झाग्रेबमध्ये द्राझेनचे स्मारक-संग्रहालय उघडले. लोक तेथे येतात. आपल्या मुलांना आणतात, 'हा बघ, याला मी खेळताना पाहिले,' असे सांगतात. वडिलांनी मुलाला काही सांगावे असे फार थोडे त्या पिढीच्या हाती शिल्लक राहिले. गेलेला देश सांगता येत नाही, युद्ध सांगवत नाही. द्राझेन मात्र सांगता येतो.

आणि मग २०१० साली 'वन्स ब्रदर्स' नावाचा एक माहितीपट आला. त्यात पांढऱ्या होऊ लागलेल्या दाढीचा दिवाच जवळजवळ वीस वर्षांनी झाग्रेबमध्ये पाऊल टाकतो. रस्त्यावरची माणसे त्याच्याकडे वळून वळून बघतात. सगळ्यांच्याच नजरेत स्वागत नसते. तो बिसेर्काबाईंच्या दारी जातो. त्या त्याला घरात घेतात. थोरला भाऊही असतो. मोठे काही बोलणे होत नाही. ज्यांनी ते दृश्य पाहिले आहे त्यांना ठाऊक आहे की ते फार बोलण्याचे दृश्य नाहीच. मग तो मिरोगोयला जातो आणि दोघांचा एक जुना एकत्र फोटो मित्राच्या थडग्यावर ठेवून परततो.

आपण कधीतरी बोलू, सगळे शांत झाले की बोलू, असे दिवाच मनाशी म्हणत राहिला होता. मित्र अठ्ठावीस वर्षांचा, आपण पंचविशीचे; घाई कसली? द्राझेननेही कदाचित असेच ठरवले असेल. ते आता कोणालाच कळणार नाही.

त्या साऱ्या आठवणींत मला अडकवून ठेवतो तो हा न झालेला फोन. बासष्ट गुण, एकशेबारा गुण हे सगळे पुस्तकात नोंदवलेले आहे. पुस्तकात नाही ते हे, की एके काळी रोज रात्री बोलणारी दोन माणसे बोलायची थांबली आणि एका पावसाळी दुपारनंतर बोलण्याची सोयच उरली नाही.

आज रविवार आहे. प्रत्येकाच्या ओळखीत असा एखादा माणूस असतो, ज्याच्याशी कोणे एके काळच्या कसल्याशा कारणावरून बोलणे थांबलेले असते. कारण आठवते, पण राग आता पहिल्यासारखा उरलेला नसतो. त्याचा नंबर कदाचित जुन्या वहीत अजून असेल. चहा झाला की एकदा फिरवून पाहायला हरकत नाही.